भंगार येतं कुठून?

प्रति,
मुंबईतल्या सर्व सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी मेंबर यांस,

विषय : सुका कचरा वेगळा करण्यासाठी सोसायटीच्या आवारात सकाळचे दोन तास आणि थोडी जागा मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात चेंबूरच्या एका सोसायटीनं आम्हां चौघी कचरावेचक बायकांना मीटिंगला बोलावलं होतं. सुका कचरा आमच्याकडे द्यायचा की नाही, ते ठरायचं होतं. बोलणं चांगलं चाललं होतं. मग एका काकांनी विचारलं, "पण मावशी, तुमचं हे सगळं भंगार येतं कुठून? डंपिंगवरूनच ना?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. डंपिंगवर फिरणाऱ्या बायका रोज आपल्या जिन्यापाशी येणार, एवढीच त्यांना काळजी. मी म्हणाले, "काका, तुमच्या बी विंगमधून येतं." दोघं-तिघं हसले. मी हसवायला बोलले नव्हते. पण तेवढ्यात पार्किंगचा विषय निघाला आणि आमची वेळ संपली. तिथं सांगायचं राहिलं ते इथं लिहिते आहे. त्या एका सोसायटीला नव्हे, तुम्हां सगळ्यांना.

मी गोवंडीत वाढले, देवनारच्या डंपिंगला लागून असलेल्या वस्तीत. आई-वडील जालना जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, खडी फोडायची कामं निघाली तीही पुरेनात, तेव्हा ते मुंबईला आले. वडील नाक्यावर उभे राहायचे, आई डंपिंगवर जायची. देवनारला कचरा पडतोय १९२७ पासून. म्हणजे आई आली तेव्हा त्या ढिगाचं वय तिच्या दुपटीहून जास्त होतं. हातात लोखंडी आकडा, पाठीला गोणी, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतले बूट. बाराव्या वर्षी माझी शाळा सुटली आणि मीही तिच्या मागून जायला लागले.

गाडी रिकामी व्हायची तेव्हा बायका तिच्याभोवती उभ्याच असायच्या. नजर आधी लोखंडावर आणि जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यांवर, मग कडक प्लॅस्टिकवर, मग काचेवर. कागदाकडे कोणी बघायचंच नाही. एवढं मोठं शहर, लाखो घरांत रोज पेपर येतो, खोकी येतात, वह्या संपतात, आणि डंपिंगवर विकण्याजोगा कागद मी क्वचितच पाहिला. कारण तो तिथपर्यंत टिकायचा नाही. वरण, चहाचा चोथा, मासळीचं पाणी, यांत भिजून दाबला गेला की त्याचा लगदा. आताच्या दाबणाऱ्या गाड्यांत तर काचही उरत नाही, फुटून सगळ्यात मिसळते. आम्ही डंपिंगवर उचलायचो ते वाटेत मरता मरता वाचलेलं भंगार होतं. ज्या मालाला वाटेत जीव गमवावा लागला त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

आणि आता तर तीही वाट नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनारला मोठी आग लागली, धूर कित्येक दिवस शहरावर होता, तुम्हालाही आठवत असेल. त्यानंतर पहारा वाढला, वेचणाऱ्यांना आत जाणं बंद झालं. गोराई आधीच बंद होतं, मुलुंडला २०१८ मध्ये कचरा टाकणं थांबलं. आज शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो आणि तिथं आमच्यासारखीला शिरता येत नाही. म्हणून आता जे काही वेगळं व्हायचं, ते तुमच्या गेटच्या आतच व्हायला हवं. गाडी गेटबाहेर पडली की माल गेला.

भंगाराला मुंबईत जन्मायला जागा पुष्कळ आहेत, घर ही त्यांतली एक. सगळ्यांत चोख माल कारखान्यांतून निघतो. शिवणकामाची कातरण, छापखान्यातल्या कागदाच्या पट्ट्या, लेथवरचा चुरा. एकाच जातीचा, कोरडा, गोणीत भरून तयार. त्याचे व्यापारी ठरलेले असतात, तो माल रस्त्यावर दिसतच नाही. दुकानांचा पुठ्ठा रात्री शटर पडताना बाहेर येतो. रे रोडला दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात, तिथून जाड पत्रा आणि साखळदंड.

पण मला सांगायचं आहे ते इमारतींबद्दल. चेंबूरला गेल्या काही वर्षांत एकेका गल्लीत दोन-दोन इमारती रिडेव्हलपमेंटला गेल्या. इमारत रिकामी झाली की लगेच पाडत नाहीत, आधी ती उतरवतात. खिडक्यांचे ग्रिल, मग सागवानी चौकटी, बिडाचे सांडपाण्याचे पाइप, पितळी नळ, भिंतीतून ओढून काढलेली तांब्याची वायर, आणि शेवटी स्लॅब फोडून काढलेल्या सळ्या. लाकूड एकीकडे, बीड एकीकडे, तांबं डोळ्यांसमोर. एका अशा इमारतीचं काम मी समोरच्या फुटपाथवरून महिनाभर बघत होते. मी त्या इमारतीचा कचरा अकरा वर्षं उचलला होता. अकरा वर्षं तिथल्या दुधाच्या पिशव्या खरकट्यातून आल्या, आणि तिचा खिळा न् खिळा मात्र वेगळा निघाला. इमारत तोडणारा माणूस काही तुमच्यापेक्षा मोठा पर्यावरणवादी नाही. त्याला फक्त एवढं ठाऊक आहे की आधी वेगळं करायचं, मग तोडायचं. आपल्या घरांत आधी सगळं एकत्र करतात आणि मग आम्हाला सांगतात, निवडा.

घरातून भंगार दोन वाटांनी बाहेर पडतं. एक वाट तुम्हाला माहीत आहे: रद्दीवाल्याला फोन करून बोलावता, तो काटा घेऊन येतो, पेपर तोलतो, जुना पंखा, पितळेचा हंडा, बंद पडलेला मिक्सर नेतो आणि हातावर पैसे ठेवतो. त्या वाटेबद्दल माझी काही तक्रार नाही. वॉचमनदादा नाहीतर सफाईची मुलं पुठ्ठा बाजूला काढून विकतात, त्याबद्दलही नाही. त्यांचाही पगार तुटपुंजा आहे. माझं म्हणणं दुसऱ्या वाटेबद्दल आहे. ज्याचे पैसे घ्यायला लाज वाटते इतका हलका माल, एक बाटली, एक डबा, दोन पिशव्या, एक पार्सलचं खोकं, तो डब्यात जातो. दारोदारचा हा हलका माल एकत्र केला की आमच्या घरची चूल त्यावर पेटते.

परवाचीच एक पिशवी सांगते. सातव्या मजल्यावरची, काळी, तोंडाला घट्ट गाठ. गाठ सोडली तर वर भात आणि केळ्याची सालं. खाली पार्सलचं खोकं चौकोनी घडी घालून ठेवलेलं, ज्यानं कोणी घडी घातली त्याला जागेची जाण होती, पण त्यावर आमटी सांडून ते फुगलं होतं. पाण्याची बाटली, निम्मी भरलेली. दुधाच्या चार पिशव्या. शाम्पूच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, गोळ्यांची रिकामी पानं. सगळ्यांत तळाला फुटलेला काचेचा ग्लास, नुसताच. तो मला हातमोजा फाडून लागला तेव्हा कळला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चार टाके. ग्लास सगळ्यांच्या हातून फुटतो, माझ्याही. तो जुन्या पेपरात गुंडाळून वर 'काच' असं लिहिलं असतं तर ते टाके पडले नसते, एवढंच.

त्या पिशवीतून विकण्याजोगं काय निघालं? बाटली निघाली. आमच्या धंद्यात तिला बिसलेरी म्हणतात, कंपनी कुठलीही असो. ती एक दिसते, पण तीन माल आहेत. बाटली पेट प्लॅस्टिकची, झाकण आणि त्याखालची कडी वेगळ्या प्लॅस्टिकची, वरचा कागदासारखा दिसणारा पट्टा आणखी वेगळ्याचा. तिन्ही एकत्र वितळवले तर कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. म्हणून दुपारी आम्ही बसून सुरीनं कड्या कापतो, पट्टे सोलतो. कारखान्यात चुरा झाल्यावर पाण्यात टाकतात, तेव्हा पेट बुडतं आणि झाकणाचा चुरा तरंगतो, त्यातून उरलंसुरलं वेगळं होतं.

दुधाच्या पिशव्या निघाल्या, पण आंबट वास येणाऱ्या. धुवायला पाणी गेलं, वाळवायला अर्धा दिवस गेला, आणि चारही पिशव्यांचा कोपरा पूर्ण कापून टाकलेला. तो नखाएवढा तुकडा कुठल्याच गोणीत सापडत नाही, गटारात जातो. कोपऱ्याला नुसती चीर दिली आणि तुकडा पिशवीला लटकत ठेवला तर दूध तसंच ओतता येतं. स्वयंपाकघरातल्या ताईंना हे कोणीतरी सांगायला हवं म्हणून मुद्दाम लिहिलं.

खोकं गेलं. कोरडं असतं तर चांगल्या पुठ्ठ्याच्या भावानं गेलं असतं. ओलसर असतं तर वजनात कापून घेतलं असतं. आमटीनं फुगलेलं घ्यायला काट्यावाला तयारच होत नाही. पुड्या आणि पाकिटं तशीही कोणी घेत नाही, त्यांत प्लॅस्टिक आणि चकाकता थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सोडवता येत नाहीत. तो दोष तुमचा नाही, बनवणाऱ्याचा आहे. पण खोकं आणि पिशव्या तुमच्या हातात होत्या.

पुढं हा माल कुठं जातो तेही सांगते, म्हणजे आम्ही काय करतो ते नीट कळेल. कागद-पुठ्ठा लहान दुकानदाराकडून मोठ्याकडे, तिथून गाठी बांधून गिरण्यांकडे, पुष्कळसा वापीकडे. प्लॅस्टिक धारावीला, तेरा कंपाउंडच्या बाजूला. तिथं निवडणारी माणसं तुकडा वाकवून बघतात, आपटून त्याचा आवाज ऐकतात, तरीही शंका आली तर काडीनं जरासा जाळून वास घेतात आणि जात सांगतात. मग चुरा, धुणं, वाळवणं, वितळवून त्याचे दाणे. ते दाणे बादल्या, खुर्च्या, पाइप करणाऱ्यांकडे जातात. जर्मन वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजातून नवं काढायला लागते त्यातली साधारण ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागदाचा धागा मात्र दर फेरीला आखूड होतो, पाच-सात फेऱ्यांनंतर तो संपतो. म्हणून त्याची पहिली फेरी वरणात वाया गेलेली बघवत नाही.

आणि लोखंड. आई ज्या दुकानात लोखंड घालायची तिथल्या शेठना तिनं एकदा विचारलं होतं, हे सगळं जातं कुठं? शेठ म्हणाले, ही गाडी जालन्याला चालली. जालन्यात लोखंड वितळवण्याच्या भट्ट्या आहेत, भंगारापासून तिथं बांधकामाच्या सळ्या होतात. आई दुकानासमोर फुटपाथवर बसून गाडी भरून होईपर्यंत बघत राहिली. घरी येऊन म्हणाली, "मी आले तिकडून, अन् माझं लोखंड चाललं तिकडं." त्या सळ्या परत मुंबईत कुणाच्या स्लॅबमध्ये आल्या असतील. तुमच्याही असतील.

आता गेटची गोष्ट. सोसायटी कुठली ते लिहीत नाही. तिथं आम्ही दोघी सहा वर्षं सुका कचरा घ्यायचो. एके सकाळी कोणाची तरी सायकल नाहीशी झाली. वॉचमननं आमच्या गोण्या सगळ्यांसमोर जमिनीवर उलट्या केल्या. बाटल्या घरंगळत पार जिन्यापर्यंत गेल्या. गोणीत सायकल मावत नाही, हे तिथं उभ्या असलेल्या कोणाला सुचलं नाही. दोन दिवसांनी सायकल शेजारच्या विंगच्या जिन्याखाली सापडली. आम्हाला कोणी परत बोलावलं नाही. पुढच्या महिन्यात एका ठेकेदाराची गाडी सुरू झाली. त्याची माणसं ओला आणि सुका दोन वेगळ्या डब्यांतून उचलतात आणि गाडीत एकाच ठिकाणी ओततात. मी गेटबाहेरून कितीदा पाहिलंय. ज्यांनी घरात मन लावून वेगळं केलं त्या ताईंना ते दिसत नाही, आणि दिसलं की त्यांचाही उत्साह जातो.

तुमच्या अडचणी मला मान्य आहेत. आवार स्वच्छ दिसायला हवं, अनोळखी माणूस फिरायला नको, लहान मुलं असतात, रात्री वास यायला नको. म्हणूनच तर आम्ही ओळखपत्र लावून येतो, ठरल्या वेळी येतो आणि मागे पसारा ठेवून जात नाही. स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास या कचरावेचक बायकांसाठीच्या उपक्रमातून माझ्यासारख्या किती जणी शिकल्या: खत कसं करायचं, हिशोब कसा ठेवायचा, मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचं कसं. पुण्यात तर १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. तिथल्या बायकांनी मेहनतीनं मिळवलं ते हेच, की दारावर आलेली बाई कामाला आलेली आहे असं लोकांनी धरावं.

कायदाही तुमच्या-आमच्या बाजूचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा द्यायला सांगितलं. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटबंद वसाहतींनी पुन्हा वापरता येणारा माल अधिकृत कचरावेचकांना किंवा अधिकृत कारखानदारांना द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं. महापालिकेनंही २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा असं ठरवलं होतं. ज्यांनी तो मनापासून जिरवला त्यांच्याकडचा सुका कचरा बघा, कसा खडखडीत असतो. ओलं बाजूला झालं की सुकं आपोआप भंगार होतं, त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

मागणं मोठं नाही. पंपरूमशेजारी किंवा मागच्या कंपाउंडला दहा बाय दहाची जागा, वर पत्रा असलेली, पावसाळ्यात पुठ्ठा भिजणार नाही अशी. एक नळ. सकाळी सात ते नऊ. आठवड्यातून एकदा गोण्या भरून आम्ही नेऊ. काच पेपरात गुंडाळून द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात बांधून वेगळे द्या, ते हातानं उघडून निवडायची पाळी कोणावर येऊ नये, ही गोष्ट बायकांनी बायकांसाठी तरी कराच. सुया, बॅटरी, फुटलेली ट्यूब वेगळ्या डब्यात. दुधाच्या पिशवीत थोडं पाणी घालून हलवलं तरी पुरे, साबणानं धुवायची गरज नाही.

आणि घरामागे महिन्याला थोडी रक्कम द्या, हेही मी स्पष्ट मागते. नुसतं भंगार मिळतं तेवढं पुरे, असं पुष्कळ जण म्हणतात. भंगाराचा भाव आमच्या हातात नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, गेटं बंद झाली, तेव्हा महिनोन्‌महिने काट्यावर ठेवायला आमच्याकडे काही नव्हतं. कचरा वेगळा करणं हे काम आहे, त्याचा मोबदला असायला हवा. मिळालेल्या भंगारावर तो भागवू नका.

ज्या कमिटीला माझं म्हणणं पटत नसेल तिनं एका सकाळी दोन मेंबर द्यावेत. तुमच्याच इमारतीतल्या दहा घरांचा मिसळलेला कचरा आणि दुसऱ्या दहा घरांचा वेगळा केलेला, दोन्ही तुमच्यासमोर उघडू, निवडू आणि नाक्यावरच्या दुकानात तुमच्या डोळ्यांदेखत काट्यावर ठेवू. दोन्हींच्या पावत्या तुमच्याकडेच राहू देत. त्या पुढच्या मीटिंगमध्ये, पार्किंगच्या विषयाआधी, सगळ्यांना दाखवा.

आपली नम्र,
गोवंडीची एक कचरावेचक